तांड्याचा म्होरक्या

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी टीव्हीवर जुना फॅमिली वेस्टर्न पाहिला. कापडी छपराच्या गाड्यांचा तांडा, नवी जमीन शोधायला निघालेली कुटुंबं आणि घोड्यावर बसलेला त्यांचा म्होरक्या. दोन तास नुसत्या गाड्या चालल्या होत्या. मध्ये एकदा चाक मोडलं, एकदा नदी आडवी आली, एक म्हातारा मेला. याला सिनेमा म्हणायचं. असला सिनेमा मी झोपेत काढीन.

पण उर्वी शेवटपर्यंत बसली होती. सोफ्यावर, माझ्या शेजारी, हातात फोन नाही. चौदा वर्षांची मुलगी बापाशेजारी दोन तास बसते ही बातमी आहे. उठताना म्हणाली, वुई शुड मेक वन. त्या ‘वुई’मध्ये मी आहे असं धरून चाललो आहे.

६ ऑगस्ट

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात लघुपट दाखवायचं ठरलं. अध्यक्ष चित्रलेखा. बाईंना सिनेमातलं काडीचं कळत नाही, श्रीखंड किती किलो लागेल ते मात्र तोंडपाठ. अट एकच घातली, की ज्याला हौस आहे त्या प्रत्येकाला काम द्यायचं. म्हणजे तांडा नव्हे, सोसायटीची जनरल मीटिंग.

कथा मी लंचटाइममध्येच लिहिली. पॅरामॅटाच्या ऑफिसात तसंही माझ्या लायकीचं काम नसतं. १८६० साली साताऱ्याची काही कुटुंबं इथे ऑस्ट्रेलियात गाड्या घेऊन पश्चिमेकडे निघतात. म्होरक्या कर्तबगार, कमी बोलणारा, देखणा. ती भूमिका मी करणार. सरिताने विचारलं, तेव्हा इकडे सातारकर होते का? वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासून तपासून हिला प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट लागतो. नवऱ्याची कल्पनाशक्ती हिला दिसत नाही.

९ ऑगस्ट

उर्वी तयार. म्होरक्याची मुलगी करणार, शिवाय एडिटिंगही. दोन वर्षांत पहिल्यांदा हिला माझ्याबरोबर काही करायचं आहे. फार बरं वाटलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

तिचीही एक अट आहे. म्हणाली, “बाबा, तू कोणावर ओरडायचं नाही. इफ यू येल, आय ॲम आउट. आय मीन इट.”

मी ओरडतो कुठे? मी स्पष्ट बोलतो. तरी कबूल केलं.

१७ ऑगस्ट, रविवार

अवधूतच्या गराजमध्ये गाडी बांधली. अवधूत माझा पुण्यातला कॉलेजमित्र. तेव्हा माझ्या ड्रॉइंग शीट्स ट्रेस करून पास झाला आणि आता यूट, म्हणजे इकडचा पिकअप ट्रक, बाळगून असल्यामुळे स्वतःला मेकॅनिक समजतो. त्याच्या ट्रेलरवर प्लास्टिकच्या पाइपच्या कमानी लावल्या आणि वरून सरिताच्या इलॅस्टिकवाल्या चादरी चढवल्या. अगदी फिट बसल्या. आयडिया सरिताची होती, पण चादरी मीच ताणल्या. अवधूतने दोन्ही चाकांवर पुठ्ठ्याचे आरे चिकटवले. एक चाक उलटं फिरतंय असं वाटतं. त्याला तसं सांगितलं. हळू आवाजात.

३१ ऑगस्ट

तालीम. काय एकेक नमुने आहेत. पायोनियर म्हणून आलेल्या बायका डिझायनर पैठण्यांत. एकाने स्मार्टवॉच काढायला नकार दिला, पावलं मोजली जातात म्हणे. दुष्काळाचा सीन चालू असताना चित्रलेखा सगळ्यांना ढोकळा वाटत होती, आणि तहानेने मरणाऱ्या माणसाने दोनदा चहा मागून घेतला.

मी एकदाही ओरडलो नाही. फक्त डोळे मिटून घेतले. उर्वी हसली आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेली. गुड जॉब, बाबा. मला जमतंय.

७ सप्टेंबर

घोड्याची सोय झाली. हॉक्सबरीकडे रोंडा नावाच्या बाईंचं शेत आहे, रायडिंग स्कूल आहे. फोनवर म्हणाल्या, अनुभव किती? मी सांगितलं, ॲडव्हान्स्ड. खोटं काय त्यात? लहानपणी दर मे महिन्यात माथेरानला दस्तुरी नाक्यापासून थेट बाजारापर्यंत घोड्यावर जायचो. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर तर घोडा दौडवलाही आहे. घोडेवाला लगाम धरून पुढे पळत असे, पण ती तिकडची पद्धत आहे. घोडा मीच चालवायचो.

सरिता म्हणाली, आधी एक लेसन घेऊन बघ. उर्वीने शाळेच्या कॅम्पला घेतले आहेत, तीही म्हणाली. पोहता येणाऱ्याने टबात बसून काय शिकायचं? वेळ नाही म्हणून सांगितलं.

१४ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ

पालथं पडून लिहितोय. अक्षर वाईट येईल.

घोड्याचं नाव बिस्किट. नावावरूनच ओळखायला हवं होतं. रोंडाने हॅट काढायला लावून जांभळं हेल्मेट घातलं. तांड्याचा म्होरक्या, जांभळ्या हेल्मेटमध्ये. तेही सहन केलं.

मागे गाडी, गाडीत माणसं, झाडाआडून यूट ओढतेय, हे सगळं जमलं. मी घोड्यावर बसून थांबलो. बिस्किटही थांबला. रोंडा म्हणाली, कशाची वाट बघतोयस, मेट? कोणीतरी येऊन लगाम धरेल याची, असं सांगणं बरं दिसलं नसतं. मी जीभ टाळ्याला लावून टक्क टक्क केलं. माथेरानला लगेच चालतात. बिस्किट गवत खाऊ लागला. टाच मारली. मग मात्र तो निघाला, पण तांड्याकडे पाठ करून, शेडच्या दिशेने. शेडमध्ये त्याचं खाणं होतं.

यापुढचं लिहायची गरज नाही, पण खरं ते लिहिलं पाहिजे. मी ओरडलो. अवधूतला गधडा म्हणालो, त्याने हॉर्न वाजवला होता म्हणून. चित्रलेखाला म्हणालो, तुमचं डोकं श्रीखंडाचं आहे. सरिताला म्हणालो, बघत काय उभी राहिलीस, पकड याला. पैठणीवाल्या बायकांना काय म्हणालो ते इथेही लिहीत नाही. हे सगळं जाता जाता, घोड्यावरून. शेडचं दार बुटकं होतं. बिस्किट आत गेला, मी बाहेर राहिलो.

माकडहाड. एक्सरे वेस्टमीडलाच काढला. सरिताच्या ओळखीचे सगळे येऊन विचारून गेले, कसं झालं. तिने प्रत्येकाला सविस्तर सांगितलं.

उर्वी बरोबर आली नव्हती.

१६ सप्टेंबर

सिनेमा रद्द. मंडळाच्या ग्रुपवर तसं जाहीर केलं. समजू दे यांना. संध्याकाळपर्यंत मनधरणी करायला येतील.

१७ सप्टेंबर

आले नाहीत. बहुतेक वीकेंडला येतील.

२० सप्टेंबर, शनिवार

सरिता आणि उर्वी सकाळी लवकर बाहेर गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा बुटांना लाल माती होती. विचारलं तर सरिता म्हणाली, शूटिंग. घोड्यावर उर्वी बसते. दिग्दर्शन उर्वी करते. अवधूतने चाक सुलटं केलं म्हणे.

माझी कथा आहे, माझ्या परवानगीशिवाय कशी काढतात? सरिता म्हणाली, कथा बदलली आहे.

उर्वी माझ्याशी बोलत नाही. मीठ दे, एवढंही सरिताकरवी. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

२४ सप्टेंबर

उर्वीच्या खोलीच्या दाराशी जाऊन सांगितलं की माझं चुकलं. वेदना होत होत्या म्हणून तोल गेला, हेही सांगितलं. आतून आवाज आला, यू येल्ड बिफोर द फॉल.

मुलगी हुशार आहे. माझ्यावर गेली आहे.

२७ सप्टेंबर

उर्वी स्वतः आली. दारातच उभी राहून म्हणाली, म्होरक्या पहिल्याच दिवशी घोड्यावरून पडून मरतो आणि त्याची मुलगी तांडा पुढे नेते. प्रेत हवं आहे. अवधूतकाका हसतो, त्याला जमत नाही. तू बसू शकत नाहीस, पण झोपू शकतोस ना?

मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती जिन्यापर्यंत पोचायच्या आत सांगितलं.

२८ सप्टेंबर, रविवार

दिवसभर प्रेत होतो. चादरीत गुंडाळून आधी गाडीत ठेवलं, मग खड्ड्यात. कुशीवर, कारण पाठीवर टेकवत नाही. प्रेतं कुशीवर पुरत नाहीत असं सांगणार होतो, पण उर्वीने बोटाने गप्प केलं. अवधूत गरजेपेक्षा जास्त माती टाकत होता. पैठणीवाल्या बायका आज साध्या सुती साड्यांत आल्या होत्या आणि फार मनापासून रडत होत्या, तेही मध्येच हसत. नाकावर माशी बसली. तोंडात माती गेली. चित्रलेखाने वरून फुलं टाकली, देठांसकट.

अवाक्षर काढलं नाही. अभिनय म्हणतात तो हा.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल हॉलमध्ये सिनेमा दाखवला. दोष पुष्कळ आहेत. संगीत मोठं आहे, एका शॉटमध्ये स्मार्टवॉच चमकतं आणि साताऱ्याची माणसं मधूनच इंग्रजीत बोलतात. पण उर्वी घोड्यावरून उतारावर येते तेव्हा मला खुर्चीत नीट बसता येईना, आणि ते माकडहाडामुळे नव्हतं. कुठे शिकली ही असं बसायला?

सगळ्यात जास्त टाळ्या माझ्या दफनाला पडल्या. लोक उभे राहिले. एक शिटीही वाजली. कसलेला नट पडद्यावर नुसता पडून राहिला तरी कळतो.

कार्यक्रमाच्या मध्यंतरात उर्वीच्या शाळेतल्या एका मैत्रिणीने विचारलं, यातले तुझे डॅड कोण? उर्वी म्हणाली, द वन दे बरीड. मैत्रीण म्हणाली, ही वॉज सो गुड.

घरी येताना गाडीत उर्वी पुढच्या सिनेमाबद्दल बोलत होती. त्यात नदी ओलांडायची आहे. मी म्हटलं, या वेळी दिग्दर्शन मी करतो, तुला शिकायला मिळेल. ती म्हणाली, “बाबा, यू कॅन बी द डेड गाय अगेन. तू खरंच छान केलंस. अख्खा दिवस तू काहीच बोलला नाहीस.”

सरिता गाडी चालवत होती. ती हसत नाहीये असं दाखवत होती.

माझ्यासारख्या माणसाने यावर काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी हो म्हणालो.