माझ्या नावावरच्या तक्रारी

आष्टा,
बुधवार

प्रिय अपेक्षा,

तुला आबाचा आशीर्वाद. हे पत्र ऋषिराजच्या हाती देतो आहे. तो उद्या सकाळी शिरवळला कामावर परत निघाला आहे. तुझ्या हातातच दे, वॉचमनजवळ ठेवू नकोस, असं त्याला दोनदा बजावलं आहे, तरी तो विसरभोळा आहे म्हणून काळजी वाटते. पाकिटाला डिंक जास्त लागलाय, उघडताना आतला कागद फाडू नकोस. फोनवर का नाही बोललात, असं तू म्हणशील. रविवारी मी फोन केला तेव्हा तुझे वडील समोर पायरीवर बसले होते, म्हणून जेवलीस का आणि तिकडं थंडी आहे का, एवढंच विचारून ठेवून दिला. तुझी आई म्हणाली, एवढ्यासाठी फोन कशाला केलात? तिला काय सांगणार.

आधी हे सांगतो, म्हणजे तू घाबरणार नाहीस. घरी कुणी आजारी नाही. तुझ्या वडिलांची, आकारामची, तब्येत बरी आहे. तो कामात असतो म्हणून तुझा फोन घेत नाही, असं तुझी आई तुला सांगते, ते मात्र खरं नाही. मधे तर त्याला कामच नव्हतं. नदीचं पाणी उपसायच्या आपल्या विहिरीवर, जॅकवेलला, जायचं त्यानं बंद केलं होतं. मोटरघराच्या किल्ल्या चेअरमन वीरधवल यांच्या टेबलावर ठेवून तो घरी आला आणि गोठ्यात जाऊन बसला. मिसरूड फुटल्यापासून तो पाणीसंस्थेच्या त्या मोटरीवर आहे. चेअरमन मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, आबा, येत्या बैठकीपर्यंत थांबतो, न्हाईतर दुसरा ऑपरेटर बघायला लागंल. लोकांचा ऊस वाळतोय, त्यांचंही काय चुकलं? मला तेव्हापासून अन्न गोड लागेना. आता तो पुन्हा जायला लागला आहे, पण ते कशामुळे ते तुला माहीत नाही, आणि माहीत नसताना तू काही करून बसशील याची मला धास्ती आहे. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीत तू संस्थेच्या ऑफिसात बसून ती बग ट्रॅकिंग सिस्टीम लावलीस, तेव्हा मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण ऐकलेलं सुटत नाही, घोकत बसतो. तू म्हणालीस, कंपनीत प्रोग्राममधल्या दोषाला बग म्हणतात. तो कुणी पाहिला, कुणी दुरुस्त करायचा, झाला की राहिला, हे सगळ्यांना एका ठिकाणी दिसावं म्हणून अशी सिस्टीम असते, तीच आपण पाइपलाइनला लावू. सर्व्हर म्हणजे काय विचारलं, तर म्हणालीस, आबा, ते आपलं जॅकवेल समजा. डेटाबेस म्हणजे वरची टाकी, सगळं तिथं साठतं. आणि ब्राउझर म्हणजे ज्याच्या त्याच्या रानातला व्हॉल्व्ह, उघडला की आपल्यापुरतं मिळतं. मग हे जॅकवेल आहे कुठं विचारलं, तर म्हणालीस, भाड्यानं घेतलंय, परदेशात आहे. त्या दिवसापासून मला घोर लागला की तिकडं वीज गेली तर बघणार कोण.

लॉगिन आणि रोल मला समजले. सभासदानं नुसती तक्रार टाकायची, क्लार्क नाथाजीला अॅडमिन केलं म्हणून त्यानं ती पुढं सरकवायची, आणि त्याच्यावर तू. प्रत्येक तक्रारीला नंबर, त्याला तिकीट म्हणायचं. प्रायॉरिटी मात्र आपल्या लोकांना झेपली नाही. आपली तक्रार कमी महत्त्वाची आहे असं कोण लिहील? आपल्या सभासद हरिबानं व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण हलतंय हीसुद्धा सगळ्यात तातडीची म्हणून टाकली, कारण शेजारच्यानं त्याची तशी टाकली होती. त्यावर तू फोनवर हसलीस, आम्हीही हसलो. खरी अडचण पुढच्या रकान्यात होती. असाइन. जे मोडलंय ते ज्यानं नीट करायचं, त्याचं नाव. तू ते स्वच्छ सांगितलं होतंस. नवीन तक्रार आली की आपोआप आकारामच्या नावावर पडेल, असं करूनही ठेवलंस. ऑपरेटर तोच, तेव्हा तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

पण तू शिरवळला गेलीस आणि चेअरमननी हौसेनं ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत मोठा टीव्ही लावला. ज्या तक्रारी उघड्या आहेत त्या सगळ्या त्याच्यावर दिसतात. डावीकडं काय मोडलं ते, आणि उजवीकडं वरपासून खालपर्यंत आकाराम, आकाराम, आकाराम. त्याच भिंतीवर आधी काय होतं ते तुझ्या वयाच्या पोरांना ठाऊक नसेल. तिथं फळा होता. पाळी मोडून दुसऱ्याचं पाणी घेतलं की त्या माणसाचं नाव खडूनं फळ्यावर लिहायचे, आणि तो पंचांपुढं येऊन चूक कबूल करेपर्यंत पुसायचे नाहीत. त्या भिंतीवर दुसऱ्या कशासाठी कुणाचं नाव कधी लागलंच नाही. माझं लागलं नाही, आकारामचं लागलं नाही. आता टीव्हीवर फुटलेल्या पाइपसमोर त्याचं नाव दिसल्यावर लोकांनी काय समजावं? काहींना खरंच कळलं नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनी मजा केली. हरिबा चहा पिता पिता मोठ्यानं म्हणाला, लय गाजतुयास गड्या, समदी लाइन तूच फोडलीस व्हय रं? दुसरा कोण तरी म्हणाला, लेक शिकली आन बापाला टीव्हीवर आणलं. पहिल्या दिवशी आकारामही हसला. मग तो चहा बाहेर ओट्यावर घ्यायला लागला, मग घेईनासाच झाला.

त्यात तुझे ते मोबाइलवरचे संदेश. ताटावर बसला की टिंग. तुमच्या नावावर नवीन तक्रार. दुरुस्तीला उशीर झाला की पुन्हा तोच संदेश, आठवण म्हणून. एके दिवशी त्यानं मोबाइल उचलला आणि ज्वारीच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं. डब्यातून गुणगुण यायची आणि तुझी आई माझ्याकडं बघायची. किल्ल्या ठेवून आला त्या दिवशी मी त्याला म्हटलं, अरे, पोरीला फोन करून सांग, ती एका मिनिटात बदलील. तर म्हणाला, तिला काय बी कळवायचं न्हाई, तिनं चांगल्यासाठीच केलंय. मग म्हणाला, पण माझं नाव तिनं टाकलंय, आबा. दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर मी भांडलो असतो.

पोरी, हे वाचून तू रडत बसू नकोस. मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. मला त्या बोलण्यानंतर काही सुचेना, म्हणून दुपारच्या वेळी, ऑफिसात कुणी नसताना, मी नाथाजीकडं गेलो. त्याला म्हटलं, आकारामच्या नावावर जेवढं आहे तेवढं माझ्या नावावर कर. तो म्हणाला, आवं आबा, मोटरीचा पाण्याखालचा फुटव्हॉल्व्ह काढायला तुमी या वयात नदीत उतरणार हाय का? मी म्हटलं, उतरेन नाहीतर बुडेन, तू नाव घाल. मग त्याला माझं लॉगिन तयार करावं लागलं. ईमेल नव्हता, म्हणून तुझ्या आईचा दिला. पासवर्ड मशीन घेईना, मोठं अक्षर पाहिजे, आकडा पाहिजे, काहीतरी चिन्ह पाहिजे. शेवटी एक घेतला, तो आता मला आठवत नाही. त्याचं काय करायचं तेही कळव.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर वरपासून खालपर्यंत जोतिबा, जोतिबा. हरिबानं मला हाक मारून विचारलं, आबा, म्हातारपणी पाइपा फोडत फिरताय व्हय? मी म्हटलं, व्हय, आता तुझ्याच रानाकडं निघालोय. कुणीतरी ते आकारामला जाऊन सांगितलं. तो घरी आला, माझ्यासमोर उभा राहिला. आत जाऊन पान्ह्यांची पिशवी घेतली आणि न जेवता नदीकडं गेला. संध्याकाळी नाथाजी सांगत आला की फुटव्हॉल्व्ह बसला, मोटर चालू झाली, आणि आकारामनं ऑफिसात येऊन एवढंच म्हटलं की आबांचं नाव काढ त्याच्यावरनं. नाथाजीनं तिकीट क्लोज केलं, म्हणजे तक्रार मिटली. क्लोज झालं की ओळ टीव्हीवरून जाते. ती गेलेली बघूनच तो तिथून हलला. तेव्हापासून रोज तेच. रानातलं एक आउटलेट पुन्हा गळायला लागलं आणि तिकीट रीओपन झालं, पुन्हा उघडलं, माझं नाव परत वर आलं, तर हातातला चहा तसाच ठेवून गेला. माझ्याशी तो त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. मीही विचारत नाही, विचारलं आणि पुन्हा बिनसलं तर काय करू?

आणि काल नाथाजीनं तुझा मेल वाचून दाखवला. कुणीतरी असाइनमेंटमध्ये घोळ घातला आहे, शनिवारी संध्याकाळी मी जुना बॅकअप टाकते, सगळं आधीसारखं होईल, असं तू लिहिलं आहेस. त्या पोराच्या तोंडचं पाणी पळालं, अॅडमिन काढून घेतील म्हणून. त्याच्याकडं काही बोट दाखवू नकोस, मीच त्याला भाग पाडलं. पण अपेक्षा, तो बॅकअप टाकू नकोस. टाकलास तर आकारामनं मिटवलेल्या सगळ्या तक्रारी पुन्हा उघडतील, आणि समोर पुन्हा त्याचं नाव लागेल, तेही तुझ्या हातानं. आणखी एक कर. नाथाजी म्हणतो, नवी तक्रार आपोआप कुणाच्या नावावर पडायची ते फक्त तुला बदलता येतं. तो रोज सकाळी येऊन हातानं बदलतो, पण तोवर आकारामला संदेश गेलेला असतो. तिथं माझं नाव घाल. पडू देत सगळ्या माझ्यावर, मला लाज वाटत नाही. तुमच्या नियमात हे बसत नसेल, तर मी असेपर्यंत चालव, पुढचं तू आणि आकाराम मिळून ठरवा. तुम्ही बोलायला लागाल असं मला का वाटतं तेही सांगतो. काल रात्री पान्हे पुसता पुसता, मान वर न करता त्यानं तुझ्या आईला विचारलं, शिरवळला तिच्या खोलीवर पाणी दोन्ही वेळेला येतं का. एवढंच विचारलं. म्हणून म्हणतो, पोरी, तेवढं माझं नाव घाल, बाकी आत्ता काही हलवू नकोस.

तुझाच,
आबा