तिसरा माऊस

शनि., ८ नोव्हें.
सुमितने आज निर्वाणीचं सांगितलं. "ताई, टचपॅडवर बोटं घासून गोळ्या झाडणार असशील तर माझ्या टीममध्ये येऊ नकोस." धाकटा भाऊ, पण पुण्याला गेल्यापासून रुबाब वाढलाय. रविवारी संध्याकाळी तासभर तो तिकडून, मी इकडून खेळतो, तेवढंच आमचं बोलणं. एरवी फोनवर "जेवलीस का"च्या पुढे गाडी सरकत नाही. म्हणून माऊस घेणं आलं.
अटी तीन. वायर नको. पर्समध्ये मावला पाहिजे, कारण आई गेल्यापासून रविवार कुर्डुवाडीला, बाबांकडे, लॅपटॉपसकट. आणि क्लिक केल्यावर विचार करत बसणारा नको.
इथला, सोलापूरच्या नवी पेठेतला दुकानदार: "खेलने के वास्ते डोंगलवालाच लेव मॅडम, ब्लूटूथ अटकता." सगळ्यात छोटा घेतला. लिंबाएवढा. गोड आहे.

रवि., ९ नोव्हें. कु.वाडी.
खेळले. नेम धरला की पडद्यावरचा ठिपका थरथरतो. एका जागी ठरेचना.
सुमित हेडफोनमधून: "हात कापतोय का गं तुझा?" गमतीने म्हणाला. मी हसले. मग समोर बघितलं, बाबा बशीत चहा ओतत होते. निम्मा चहा सतरंजीवर.
बाबांचा हात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये असतानाच कापायला लागला. चाळिशी नुकतीच लागली होती. लेथ मशिनवरून काढून स्टोअरला बसवलं त्यांना. कधी दाखवलं नाही, "वयाचं हाय" म्हणत राहिले.
मला फेब्रुवारीत चाळीस पूर्ण होतील.

मंगळ., ११ नोव्हें.
लहान माऊस हलका, म्हणून हलतो, असं दुकानदाराचं शास्त्र. बदलून जड दिला. दुकानात खोक्यावर फिरवला, मस्त. घरी येऊन कॉटवर बसले आणि पुन्हा तेच.
दवाखान्यात, माझ्या लॅबमध्ये, दोन महिन्यांचं बाळ आलं रक्त द्यायला. लहान पोरं आली की सगळे मलाच हाक मारतात, सोळा वर्षं झाली. आज मी स्वातीला म्हटलं, "तू घे, माझे रिपोर्ट राहिलेत." रिपोर्ट कसले, एकही नव्हता. तिने तीनदा टोचलं. बाळाच्या रडण्यापेक्षा आईचं बघणं सहन होईना, मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

गुरु., १३ नोव्हें.
सुमितने फोनवर सगळी सेटिंगं बदलायला लावली. फरक शून्य. "खाली पॅड घेतलंयस ना?" म्हणाला. म्हटलं, सोलापूरच्या माणसाला पॅड विकतोस होय? कॉटवर दुहेरी चादर आहे, तुझ्या पॅडच्या चौपट जाड.
मग पालथ्या पंजावर कागद ठेवून बघितला. कागद हलला. पंखा चालू होता. पंखा बंद केला. तरी हलल्यासारखा वाटला. पुन्हा बघायचं धाडस झालं नाही.
हात गेला तर मी काय करणार? मला दुसरं काही येत नाही. कुणाला बोलायची सोय नाही.
माऊस तिसरा, हाही जडच. दुकानदार हात जोडून: "ये आखरी, मॅडम."

रवि., १६ नोव्हें. कु.वाडी.
काय लिहू. लिहितेच.
तिसराही थरथरला. मी लॅपटॉप ढकलून दिला. बाबांनी विचारलं, "बिगाडलं व्हय?" आणि माझ्या तोंडून गेलं, "माऊस नाही, मीच. तुमच्यासारखं झालंय माझं." बोलले आणि जीभ चावली. बाबा चष्मा लावून कॉटजवळ आले, बराच वेळ वाकून बघत राहिले.
"मशिन हादरतंय म्हणून लगीच मशिन खोलत न्हाईत. ते कशावर ठिवलंय ते बघायचं आदी. तुजा हा उंदीर कशावर पळतोय?"
"चादरीवर."
"तिची वीण बघ की. उंचवटं हायती नुसती."
कापऱ्या हाताने चादर ओढली, आतून जेवायचा पाट आणला, माझ्या मांडीशी ठेवला. पाटावर माऊस. ठिपका हलेना. अजिबात हलेना! चादरीवर ठेवला, थरथर. पाटावर, गप्प. सात-आठ वेळा केलं. सोलापुरात काय, कु.वाडीत काय, आमच्याकडे बसायला-झोपायला चादर सोडून काही असतं का? तीन माऊस त्या चादरींवर घासले मी, वर सुमितला ऐकवलं!
मी ढसाढसा रडले. बाबा: "आता का रडतीस? खेळ की."
खेळले. पाच मिनिटांत मेले. सुमित बोंबलत होता, मला मेल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

सोम., १७ नोव्हें.
दीड वर्षाची मुलगी, शीर दिसत नव्हती. मीच उठले. एका टोचणीत. स्वाती म्हणाली, "आलीस का परत?" आले.
संध्याकाळी दुकानदाराला खरं सांगितलं. आधी कपाळावर हात मारला, मग इतका हसला की पाणी प्यायला आत गेला. पहिला लिंबाएवढाच बरा होता, पण मागायला तोंड नव्हतं. त्यानेच काढून ठेवला, म्हणाला, घरी दोन दिवस दोन्ही वापरा, मग एक आणून द्या. लहान पर्समध्ये सहज जातो, जड हातात चांगला बसतो. ठरत नाहीये. पण काय मस्त अडचण आहे ही!

बुध., १९ नोव्हें.
बाबांचा फोन, सकाळी, मी डबा भरत होते. स्वतःहून कधी करत नाहीत, म्हणून पोळी तशीच टाकून उचलला. पाणी आलं का, थंडी हाय का तिकडं, असलं काहीबाही विचारलं. मग:
"संगे, तुज्या दवाखान्यात हाताचं डॉक्टर असत्यात का?"
"असतात की. का?"
"न्हाय... त्या दिवशी तू रडलीस. माज्यासारखं झालं न्हाय म्हणून रडलीस. मला वाटलं, एवडं वंगाळ हाय व्हय हे?"
मी डब्याचं झाकण लावलं, परत काढलं.
"म्हणलं, दाखवावं एकदा. तुला सवड असली तर."
सवड! सोळा वर्षं दवाखान्यात नोकरी करतेय. ओपीडी माझ्या लॅबच्या समोर आहे, मधे फक्त जिना. एवढ्या वर्षांत "बाबा, चला" असं मी एकदाही म्हटलेलं नाही. ते वयाचं म्हणाले आणि मला ते सोयीचं वाटलं.
शनिवारची वेळ घेतली. आणायला येते म्हटलं, तर "येतो की माजं मी" म्हणाले. डॉक्टर काय सांगतील, माहीत नाही.