शेवरवाडीचा कळंब

पाटण, ता. ११ जानेवारी २०२६

ती. अक्कास,
लालाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं भांडतो, म्हणून लिहितोय. तुझ्या भाचीनं वैताग आणलाय. पाटणातली दोन चांगली कार्यालयं प्रियदर्शनीला दाखवली, तर तिला लग्न लावायचंय आपल्या शेवरवाडीत! गाव उठून सव्वीस वर्षं झाली, तिथं आता राष्ट्रीय उद्यान आहे, गवे फिरतात, हे सगळं तिला ठाऊक आहे. होणारा जावई जयराज फुलपाखरं मोजतो आणि माझ्या प्रत्येक अडचणीवर नुसता हसतो.

परवानगीचा कागद आलाय. माणसं तीस. मंडप नाही, बँड नाही, जाळ नाही, अक्षता टाकायच्या नाहीत, दिवस मावळायच्या आत बाहेर. फौजेत वीस वर्षं काढली, पण एवढे नियम सीमेवर नव्हते. नुसती भावकी दोनशेची, कुणाला वगळू? पोरीचं एकच पालुपद, ज्या कळंबाची फांदी आपण लग्नात देवक म्हणून पुजत आलो, त्याच कळंबाखाली उभं राहायचं. तू आत्या आहेस, तुझं ऐकेल. तिला चार शब्द सुनाव.

दाजींना नमस्कार. माया असू दे.
तुझा, लाला

आष्टा, जि. सांगली, ता. १९ जानेवारी २०२६

चि. लालास अनेक आशीर्वाद.

मी तिला सुनावणार नाही आणि लग्नाला येणारही नाही. गाव सोडलं तेव्हा तू काश्मिरात होतास. ट्रक भरून उभा आणि आबा त्या कळंबाला पाठ लावून बसलेले. कुणाचं ऐकेनात. शेवटी मीच हाताला धरून उठवलं. वर्षाच्या आत ते गेले. त्या जागी मला पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

आष्ट्यात नवं कार्यालय झालंय, गाड्या लावायला लय जागा आहे. तिथं धरणार असाल तर आठ दिवस आधी येते. नाहीतर लावा लग्न आत्याशिवाय. पोरीला लाडावून ठेवलंस तू, आता निस्तर.

तब्येतीला जप.
तुझी अक्का

पाटण, ता. ६ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या हातून घोटाळा झालाय. जागा बघायला आम्ही तिघं गेलो होतो, सोबत आकाराम नावाचा वनरक्षक. झाड दिसलं आणि मला राहवलं नाही. टोपी काढली, पाया पडलो आणि सवयीनं फांदी मोडून हातात घेतली! आकाराम ओरडला, की आवं, हितलं पान बी तोडायचं न्हाई. परवानगी थांबली. माफीचं पत्र लिहून दिलं, तेव्हा कुठं आठ दिवसांनी कागद परत मिळाला. फांदी तिथंच ठेवून घेतली.

आता भटजी म्हणतात, देवकाशिवाय मुहूर्त नाही. रस्त्याकडेच्या कळंबाची फांदी आणतो म्हटलं, तर पोरगी म्हणते, मग त्या झाडाखाली उभं राहून काय उपयोग? चार दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. तू येणार नाहीस हे कळल्यावर बोलली, पण रडत. तीस नावांत पहिलं तुझं लिहिलंय, ते खोडू देत नाही. मी कंटाळलो गं अक्का.

लोभ तुटू देऊ नकोस.
लाला

आष्टा, ता. १४ फेब्रुवारी २०२६

चि. लालास आशीर्वाद.

साठी गाठलीस तरी अक्कल आली नाही! सुभेदार झालास आणि झाडाची फांदी मोडून माफी मागत बसलास.

आता नीट वाच. त्या दिवशी आबांना उठवलं, तेव्हा झाडाखाली उगवलेलं वीतभर रोप मी मातीसकट काढून घेतलं. हंड्यात लपवून आष्ट्याला आणलं, परसात लावलं. नीट रुजलं की आबांना आणून दाखवू म्हणत होते, पण ते थांबले नाहीत. म्हणून मग कुणालाच सांगितलं नाही. आता ते घराच्या वर गेलंय. पानांनी पन्हळ तुंबतं, पोरगा दरसाल तोडायला निघतो आणि मी दरसाल भांडते. माझ्या सासरचं देवक वेगळं, त्यामुळे देवकासाठी त्याची फांदी आजवर कुणी तोडली नाही.

फांदी मी घेऊन येते. आत न्यायला चालेल का, हे आकारामला आधीच विचारून घे. गेटवर मला वाद घालायला लावू नकोस. पोरीला म्हणावं, रडणं बंद कर.

आबा बसले होते ती बाजू मोकळी ठेव, मी तिथं बसणार आहे. दिवस मावळायच्या आत मला हाताला धरून उठवायचं काम तुझं. त्या वेळी तू नव्हतास.

बाकी भेटीत.
तुझी अक्का