खोली न सोडण्याचे एकपानी उत्तर

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक कक्ष, शहर कार्यालय.

विषय : मासिक वर्गणीच्या वकील-सेवेविरुद्ध केलेली तक्रार मागे घेण्याबाबत.

संदर्भ : ‘ही सेवा पैसे मोजण्यालायक आहे की नाही, ते एकदा स्पष्ट कळवा’ हे आपले पत्र.

महोदय,

१. घरमालकांचे एक पत्र मी उत्तर न देता शब्दकोशाखाली सरकवून ठेवले होते, तिथून हे प्रकरण सुरू होते. माझ्या पुस्तकांच्या वजनाने खालच्या मजल्यावरचे त्यांचे छत खचत आहे, सबब महिनाअखेर मी पुढची खोली सोडावी, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या खोल्या दोनच. पुढची गेली तर पुस्तके रस्त्यावर आणि मी थोरल्या बहिणीच्या शिवणयंत्राखाली, अशी वाटणी होणार होती. मी शाळेतला निवृत्त ग्रंथपाल. वाचनालयात मुलांनी गलका केला की मीच बाहेर जाऊन उभा राहत असे.

२. ‘तुझ्याच्यानं भांडण होणार नाही, ते भाड्यानं करून घे,’ असे म्हणून ताईने माझ्या नावे ही सेवा घेतली. वर्गणी वर्तमानपत्राच्या बिलाहून कमी. तेवढ्यात फोनवर सल्ला मिळतो आणि महिन्याला एक पान मजकूर तपासून मिळतो. माझे उत्तर सतरा पानांचे झाले होते. म्हणजे ते तपासून होईपर्यंत दीड वर्ष जाणार, आणि खोली तर महिनाअखेर. माझी पहिली तक्रार ही होती.

३. दुसरी तक्रार या सेवेतल्या वकीलबाईंविषयी होती. त्यांनी नियम बाजूला ठेवून सगळी पाने वाचली आणि फोनवर विचारले, ‘काका, हे उत्तर तुम्ही लिहिलंय की घरमालकांनी?’ झाले होते असे, की एकच बाजू मांडणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून घरमालकांच्या ध्यानात न आलेली, कपाटामागची भिंतीतली चीर मी आकृती काढून दाखवून दिली होती. विश्वकोशाचे खंड आपण वजनात धरलेले दिसत नाहीत, असेही नम्रपणे सुचवले होते. ‘हे पाठवलंत तर त्यांना वकील करावाच लागणार नाही,’ असे त्या म्हणाल्या. तेवढ्यात ताई मागून ओरडली, ‘अहो बाई, ती चीर आम्ही राहायला आलो तेव्हापासूनची आहे! तेव्हा याला बाराखडीसुद्धा येत नव्हती!’ वकीलबाईंनी नेमके तेच वाक्य सभ्य करून घेतले. चीर पुस्तकांच्या आधीची आहे, हवी तर अभियंत्याकडून तपासणी करावी, तोवर खोली सोडणार नाही. संपले. माझ्या सतरा पानांतला एक शब्दही उरला नाही, याचा राग येऊन मी आपल्याकडे अर्ज केला होता.

४. आपण स्पष्ट मत मागितले आहे. मला तशी सवय नाही, तरी लिहितो. प्रकरण कोर्टात गेले तर या वर्गणीत कोणी उभे राहत नाही. त्याला वेगळा वकील आणि वेगळी फी. फोन लागेपर्यंत तेच ते संगीत ऐकून कान किटतात. काही काम नसताना वर्षानुवर्षे वर्गणी भरणे म्हणजे पाऊस नसलेल्या गावात छत्री भाड्याने घेऊन ठेवणे. पण ज्याला आयुष्यात एकच पत्र लिहायचे आहे आणि तेही धड लिहवत नाही, त्याला ही सेवा स्वस्तच पडते. माझे चुकतही असेल.

५. आज उत्तर घेऊन निघालो, तर जिन्यात घरमालकच भेटले. त्यांनाही टपाल कचेरीतच जायचे होते. पाकिटावरचा पत्ता छातीशी धरून मी वाटभर त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. खिडकीतल्या कारकुनाने नाव-पत्ता मोठ्याने वाचला. घरमालक म्हणाले, ‘अरे, हा तर मीच!’ कारकून मला म्हणाला, ‘मग हातातच द्या की आजोबा, कशाला पैसे घालवता?’ घरमालकांनी हसून हात पुढे केला. ‘माफ करा,’ मी म्हणालो, ‘हे तुम्हाला टपालानंच येईल.’ त्यांचा हात तसाच राहिला आणि कारकुनाने शिक्का मारला.

तरी माझी तक्रार निकाली काढावी, ही विनंती. उत्तर रवाना झाले आहे.

आपला नम्र, आणि आज जरा ताठ,
(सही)
निवृत्त ग्रंथपाल, वरचा मजला, पुढची खोली

दिनांक : पावतीवर आहे तोच

सोबत : रजिस्टर टपालाची पावती