शेफालीची जोड

२२ जुलै, मंगळवार

नववीतल्या पोरीने आज रिंगची जाळी धरली! पाठीवर दप्तर, पायात चप्पल. पोरांचा बॉल जाळीत अडकला होता आणि चौघं काठी शोधत होते. ही जाता जाता थांबली, डबकं चुकवायला मारतो तेवढीशी उडी मारली, बॉल खाली पाडला आणि एसटी चुकेल म्हणून पळत सुटली. माझी शिट्टी तोंडात तशीच.

शेफाली नाव. पालीची. शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसते, म्हणून वर्षभर नजरेत आली नाही.

मी कुस्तीचा माणूस. कान मोडलेले, गुडघा गेलेला. कुणी देणगीदाराने शाळेला बास्केटबॉलचं मैदान बांधून दिलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. नियम मोबाईलवर बघून शिकलो. पण अंग ओळखायला मोबाईल लागत नाही.

२३ जुलै

मोजली. पाच फूट अकरा! टेप लावायला मला बाकावर चढावं लागलं.

२७ जुलै, रविवार

पालीला गेलो. तिची आई फुलाबाई राजगडाच्या पायथ्याला ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी करून घालतात. शेफाली रविवारी ताकाचे दोन कॅन घेऊन गड चढते आणि वर माचीवर विकते. मी पोचलो तेव्हा उतरत होती — दोन दोन पायऱ्या, रिकामे कॅन हलवत. शहरातली पोरं बसत-उठत येत होती, त्यांच्यामधून ही नुसती निघून आली.

रविवारच्या सरावाचं विचारलं. फुलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "ती ग्राउंडवर आली तर ताक वर कोन न्हेनार? तुमी?"

"नेतो की," म्हणालो. तोंडातून निघून गेलं!

शेफाली घरातून पाणी घेऊन आली, दारात कमरेत वाकून. फुलाबाई म्हणाल्या, "दाराला जास्त झालीया ती. गवंड्याला आदी ठावं असतं तर चौकट वर घेतली असती."

पोरगी हसली, पण तिला ते लागलं. मला दिसलं.

३ ऑगस्ट, रविवार

दोन कॅन. पद्मावती माची. मेलो!

९ ऑगस्ट

आज तिने बोर्डावर आपटून आलेला बॉल हवेतच धरला आणि हवेतूनच परत आत टाकला. खाली न येता! मी सगळ्यांना थांबवून "पुन्हा कर" म्हटलं. तिने केलं. मग आणखी एकदा. शिकवायचं काही नव्हतं — मला बघायचं होतं. तीस वर्षं मी अंगं घडवली, असलं अंग बघितलं नाही. एवढी उंची, आणि वजनच नसल्यासारखी पळते.

आणखी एक. ग्राउंडवर ती वाकत नाही. मान ताठ. वेगळीच पोरगी वाटते.

वीस तारखेला भोरच्या शाळेशी सामना आहे. पुण्याच्या निवासी प्रशिक्षण केंद्राचे निवड करणारे साहेब बघायला येणार आहेत. पसंत पडली तर राहणं, खाणं, शाळा, सराव — सगळं तिकडे. सोमवारीच शेफालीला सांगितलं. दोन दिवस माझ्याकडे बघेना, तिसऱ्या दिवसापासून सकाळी सहाच्या जीपने सरावाला यायला लागली.

२० ऑगस्ट, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

शेफालीला अडवायला भोरने त्यांची कप्तान लावली — राजनंदिनी. उंचीने शेफालीच्या खांद्याला लागते. पहिल्या क्वार्टरला चौदा-शून्य. शेफाली हात वर करायची, बॉल हातात यायचा, आत जायचा. राजनंदिनी उड्या मारून मारून लाल झाली, तिची बोटं शेफालीच्या मनगटापर्यंतही जात नव्हती. कठड्यावरची माणसं हसायला लागली.

आणि माझ्या कानात माझ्या गुरूंची, आनंदराव वस्तादांची हलगी थांबली. यात्रेत वस्ताद दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करायचे. जोड नसली की हलगी थांबवायचे, कुस्ती लावायचेच नाहीत. लहान गड्याला चीत करणाऱ्याला नारळसुद्धा नाही. तेच माझ्या हाडात भिनलंय.

मी शेफालीला बाहेर बसवलं.

पुण्याच्या साहेबांनी दहा-पंधरा मिनिटं वाट बघितली. मग घड्याळ बघितलं. त्यांची गाडी पुण्याकडे, कापूरहोळच्या रस्त्याला लागलेली मला दिसली, आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला!

मध्यंतरात राजनंदिनीच माझ्यासमोर आली, धापा टाकत. "सर, तिला का बसवलं?"

"तुझी तिची जोड नाही, बाळ."

"ते मी बघीन ना! मला तिच्याकडनं बॉल काढायचाय."

शेफालीला परत आत पाठवलं. आणि काय सांगू! शेफालीने आपटलेला बॉल कमरेपर्यंत उंच येतो. ही चिमणी खाली बसून नेमकी तिथेच. तीनदा बॉल घेऊन पळाली! तिसऱ्यांदा शेफाली हसली, मग तीही. वर एकीचं राज्य, खाली दुसरीचं. एकतीस-सव्वीस जिंकलो. एवढा देखणा खेळ, आणि बघायला पुण्याचं कुणी नाही. मी घालवलं.

२१ ऑगस्ट

शेफालीला खरं सांगितलं. दया आली म्हणून बसवलं, साहेब निघून गेले, चूक माझी.

मग म्हणाली, "सर, घरात वाकते. जीपमदी वाकते. वर्गात बी वाकून बसते. हितं तरी म्या पुरती हुबी ऱ्हायले हुते. तुमी हितं बी वाकवलं मला."

तिच्याकडे बघायला मान वर करावी लागते. ती मला करवली नाही.

२५ ऑगस्ट

चार दिवस फोन केले. आज साहेब भेटले. चिडलेले होते, पण म्हणाले, चौदा सप्टेंबरला खुली चाचणी आहे, घेऊन या. शेफालीची एक अट — "राजनंदिनी आली तर म्या येते." राजनंदिनीचे वडील दोघींना घेऊन जाणार आहेत.

चौदा तारीख म्हणजे रविवार. फुलाबाईंनी दोन कॅन माझ्यापुढे ठेवले.

१४ सप्टेंबर, रविवार

दुपारी माचीवर, निम्मं ताक विकून झालेलं, आणि मोबाईल वाजला. शेफाली! आवाज कापत होता. मला वाटलं रडतेय.

"सर — हितं एक पोरगी हाय. माज्यापेक्षा चार बोटं उंच!"

"मग?"

"म्या बॉल टाकला, तिनं वरच्या वर हानला. माझा बॉल, सर! दोनदा! आजवर कुनी हात बी लावला न्हवता." हसत होती ती, धाप लागेपर्यंत हसत होती. "तिसऱ्यांदा म्या तिला चुकवून टाकला. राजूनं शिकवल्यागत, खालनं!" राजू म्हणजे राजनंदिनी.

निवडीचं मीच विचारलं. "झाली की. राजूचं नाव राखीवमदी हाय. सर, म्या लई दमले. पयल्यांदा दमले."

ग्लास हातात धरून एक ट्रेकवाला थांबला होता. त्याला ताक दिलं, आणि तटाला टेकून डोळे पुसले. काय पोरी आहेत या!

१२ ऑक्टोबर, रविवार

पालीला गेलो. घराला दार नाही! चौकट अंगणात आडवी, गवंडी भिंत फोडतोय. फुलाबाई विटा देत होत्या.

"वीतभर वर घ्यायला सांगितलंय," म्हणाल्या. "आमची वाकली असती हो, तिला सवं हाय. पन दिवाळीला ती दुसरी येनार हाय ना संगं — हिच्याहून चार बोटं उंच."