पुढचा ट्रक माझाच

३ मार्च, सेडूना. सकाळी ५.४०
रोजनिशी सुरू. कारण एकच, यंत्र फसलं तर पुरावा हवा. कंपनीने आमच्या तीन ट्रकांना नवं यंत्र बसवलंय. पुढच्याने ब्रेक मारला की मागच्या दोघांना वायरलेसने त्याच क्षणी कळतं आणि त्यांचाही ब्रेक आपोआप लागतो. मागच्यांनी फक्त स्टीअरिंग धरायचं. डोकं एक, ट्रक तीन. डोकं अर्थात माझं. सव्वीस वर्षं नलारबॉरच्या ओसाड माळावरचा हा रस्ता तुडवतोय. मागे शर्लीन, तिच्यामागे टेव्हिटा.
संकल्प: नॉर्समनपर्यंत बाराशे किलोमीटर, विनाकारण एकही ब्रेक नाही.

४ मार्च, युक्ला. दुपारी
यंत्र भिकार आहे. टेव्हिटा जेवायला आला तो शर्टभर सॉस घेऊन. म्हणाला, काका, तुमच्या ट्रकला उचक्या लागल्यात, बर्गर तोंडात जातच नाही. शर्लीन म्हणाली, चाळीस ब्रेक लागले, मी मोजलेत. म्हटलं, यंत्राने मारले असतील. तर म्हणे, यंत्राला वेड लागलंय का? म्हटलं, हो. मग ती चहा ढवळत बसली.
रस्त्यावर गाडीमागे चाकांवरचं घर ओढत फिरणाऱ्या कॅरव्हॅनवाल्या म्हाताऱ्यांचा सुळसुळाट. रिटायर झालात ना? मग बसा की घरी.

६ मार्च, नॉर्समन
आमची मॅनेजर ग्लेनिस फोनवर. मागचे दोघं वैतागलेत म्हणे, पुढची जागा शर्लीनला देऊन बघू. डोकंच फिरलं. यंत्राचा दोष आहे म्हणून ओरडलो, तर म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. मला! जिच्या जन्माआधीपासून मी ट्रक चालवतोय, ती मला सांगते!
मीच मागणी केली: केबिनमध्ये कॅमेरे लावा. एक रस्त्यावर, एक माझ्या पायावर. दोष माझा निघाला तर शेपटीला जाईन. ती म्हणाली, लिहून दे. दिलं, सही ठोकून.
संकल्प: शांत राहणे. (संध्याकाळी शर्लीनशी भांडलो. सुरुवात तिने केली. गुड ईव्हनिंग म्हणाली.)

९ मार्च, परतीच्या वाटेवर, बॅलडोनिया. दुपारी
कॅमेरे चालू. पाय दगडासारखा स्थिर. यंत्राने सकाळपासून मारलेले ब्रेक एकतीस. कंपनीची इंजिनिअर लिन्ह शेजारी बसून वहीत रेघा ओढते. काय मोजतेस विचारलं. म्हणाली, समोरून येणाऱ्या गाड्या. सांगितलंय काय, करतेय काय! अशांना पगार मिळतो.

११ मार्च, सेडूना. सकाळी १०
सगळ्यांसमोर फिल्म दाखवली.
समोरून गाडी येते. माझं एक बोट स्टीअरिंगवरून वर जातं. सलाम. या रस्त्यावर सगळेच करतात, न करणारा माणूसच नव्हे. पण बोट वर गेलं की माझा पाय ब्रेकवर. कोण आहे ते नीट बघायला. दर वेळी. एकशे बारा गाड्या, एकशे बारा ब्रेक. त्यात ऐंशी कॅरव्हॅन. एका म्हातारीकडे बघून तर मी चक्क हसलोय.
कुणी खिदळलं नाही. खिदळले असते तर भांडता आलं असतं. टेव्हिटा म्हणाला, काका, तुम्ही तर फार प्रेमळ निघालात. गळा धरावासा वाटला त्याचा. शर्लीन म्हणाली, लायल, पुढे मी करीन सगळ्यांना सलाम, तू काळजी करू नकोस.
काळजी? मी? चौकशी पक्षपाती आहे. अपील करणार.

१४ मार्च, नलारबॉर रोडहाऊस. दुपारी १
शेपटीला आहे. अपील ग्लेनिसकडेच करायचं असतं म्हणे. यंत्र सुरळीत चालतंय, मुद्दाम. पायाला काम नाही.
समोरून गाडी येते. चालवणारा शर्लीनसाठी बोट वर करतो, टेव्हिटासाठी करतो. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा हात खाली गेलेला असतो. तीन-तीनदा सलाम कोण करतंय? सकाळपासून तेवीस गाड्या गेल्या. मी तेवीस वेळा बोट वर केलं. एकानेही पाहिलं नाही.
शेवटच्या कॅरव्हॅनला अख्खा हात हलवला. ती तोवर निघून गेली होती.