दीडशे शब्दांची चौकट

प्रिय ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. दाजी अजून रोज सकाळी डबा घेऊन पंख्यांच्या कारखान्याच्या बंद फाटकापाशी जाऊन बसतात आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येतात, इथपर्यंत वाचलं आणि पत्राची घडी करून खिशात टाकली. मग कामाला लागलो. काम म्हणजे तेच, पान सातवर उजवीकडे खाली, ‘आजचा बाजार’, दीडशे शब्दांची चौकट. मागणी सावरते आहे असं लिहून मोकळा झालो. कुठे सावरते आहे ते मला विचारू नकोस.

लहानपणी तू मला दुकानात घासाघीस करायला पुढे ढकलायचीस आणि मी दुकानदार म्हणेल त्या भावाने वस्तू घेऊन परत यायचो. त्यावरून तू अजून चिडवतेस, आणि बरोबरच आहे. मी अजून समोरचा म्हणेल तेच घेऊन येतो. ‘जाणकारांच्या मते’ असं लिहितो तेव्हा तो जाणकार एक तर मी असतो, नाहीतर कुठल्यातरी कंपनीचा साहेब. मंदीला मी मरगळ म्हणतो, माणसं काढली की फेररचना म्हणतो. अकरा वर्षं झाली, आता हात आपोआप तिकडे वळतो.

हे सगळं दाजींना कधी दिसलं नाही. कॅंटीनमध्ये ते माझी चौकट मोठ्याने वाचून दाखवायचे, मेहुण्याची म्हणून. एकदा मी त्यांच्या वाइंडिंग खात्यात गेलो होतो. चालत्या मोटरीला पेचकस टेकवून त्याच्या मुठीला कान लावला आणि ही दोन महिन्यांत जळणार असं त्यांनी सांगून टाकलं. इतका तिखट कान, पण माझ्या लिहिण्याला त्यांनी तो कधी लावलाच नाही. घरच्या माणसावर कोण संशय घेतं?

चिमीचं कॉलेज थांबवायचं म्हणतेस. थांबवू नकोस. माझी भाची आहे, मलाही थोडा हक्क आहे. आणि तुझ्या गुडघ्याचं तू पत्रात एका ओळीत उरकलंस, ते मला कळत नाही असं समजू नकोस.

आता खरं लिहितो. तो रविवार तुला आठवत असेल. नव्या कारखान्याने दाजींना आणि त्यांच्या खात्यातल्या अकरा जणांना बोलावलं होतं, सोमवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. दाजींनी फोन करून मला विचारलं, जाऊ का? मी म्हणालो, उद्याची चौकट वाचा. तीत लिहिलं होतं की पंख्यांच्या धंद्याला बरे दिवस येताहेत आणि जुन्या कारखान्याला धोका नाही. दाजींनी नकार कळवला. त्यांच्याकडे बघून बाकीच्यांनीही कळवला. दीड महिन्यात फाटकाला कुलूप लागलं, आणि तोवर तिकडच्या जागा भरल्या होत्या.

तू लिहितेस, दाजी म्हणतात, बिचाऱ्या मेहुण्यालाही कंपनीने फसवलं. ताई, मला कोणी फसवलं नाही. त्या रविवारच्या तीन दिवस आधी कंपनीच्या साहेबाने मला एक टिपण दिलं होतं. शेवटची ऑर्डर बाहेर पडली की कारखाना बंद, तोवर कामगार हलता कामा नयेत. मी सांभाळून घेतलं तर बंदची बातमी आधी मला मिळणार होती. मिळाली. पहिल्या पानावर माझ्या नावाने आली. दाजींचा फोन आला तेव्हा ते टिपण माझ्या खणात होतं, आणि तरी मी त्यांना चौकट वाचायला सांगितलं. स्वतःची किळस येते, दुसरा शब्द नाही.

आता कंपनी कोर्टात सांगते आहे की निर्णय अचानक घ्यावा लागला, आधी काही ठरलं नव्हतं. टिपणावर तारीख आहे. काल ते मी युनियनच्या वकीलबाईंच्या हातात दिलं आणि साक्षीला येतो असं सांगितलं. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. पुढच्या गुरुवारी मला सगळ्यांसमोर विचारतील, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं? दाजी समोरच्या बाकावर बसलेले असतील, बहुतेक माझ्या बाजूनेच. त्यांना हे तिथे पहिल्यांदा कळू नये. ते फाटकावरून आले, हातपाय धुऊन बसले की त्यांना हे पत्र वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

तुझाच,
धाकटा